नर्सिंगला आहे, बाळांच्या लसीकरणाचं वेळापत्रक लक्षातच राहत नाही, काय करू?

तुम्ही लिहिलंय की जीएनएमच्या (नर्सिंगचा डिप्लोमा) दुसऱ्या वर्षाला आहात, तक्ता कितीदा पाठ केला तरी पोस्टिंगला एखाद्या आईने काही विचारलं की सगळं डोक्यातून जातं. मी उपकेंद्रात 14 वर्षं लसीकरण करतेय, त्यावरून सांगते, नुसता तक्ता पाठ करू नका, प्रत्येक लसीला "हे असंच का" विचारा, मग ती विसरत नाही.

पुस्तकात 6, 10, 14 आठवडे असतं, आया दीड, अडीच, साडेतीन महिन्याचे डोस म्हणतात, तुम्हीही तसंच धरा. तिन्ही वेळा पोलिओचे दोन थेंब, रोटा (जुलाबावरची, तोंडाने द्यायची लस) आणि डाव्या मांडीत पेंटा (पाच आजारांवरची एकत्र लस). दीडला आणि साडेतीनला दोन सुया जास्त, उजव्या मांडीत पीसीव्ही (न्यूमोनियावरची) आणि उजव्या दंडावर आयपीव्ही (पोलिओची सुई), अडीचला त्या नाहीत, झालं. जागा ठरलेल्या आहेत म्हणून तर एका मांडीला सूज आली की कुठल्या सुईची ते लगेच कळतं.

जन्मल्यावर हिपॅटायटिस बी 24 तासांच्या आतच का, तर ती कावीळ बाळंतपणात आईकडून बाळाला लागू शकते, जितका उशीर तितका त्या डोसचा उपयोग कमी होत जातो. गोवर रुबेला 9 महिने पूर्ण झाल्यावरच का, तर आईकडून आलेल्या अँटीबॉडी बाळाच्या अंगात असतात आणि त्या आहेत तोवर लस नीट काम करत नाही.

आता एमआरचं, म्हणजे याच गोवर रुबेलाचं. एका सत्राला एक विद्यार्थिनी माझ्याबरोबर होती, सकाळी 10 ला व्हायल (लसीची बाटली) फोडली, तिनेच वर वेळ लिहिली. अडीच वाजता एक बाई बाळाला घेऊन लांबून चालत आली, व्हायलमध्ये डोस शिल्लक होते, पोरगी म्हणाली सिस्टर हीच देऊ ना, एकासाठी नवीन कशाला. मी तिला व्हायलवरची वेळ वाचायला लावली. डायल्युएंट (लसीची पावडर विरघळवायचं पाणी) मिसळल्यापासून 4 तास झाले की एमआर टाकायची म्हणजे टाकायची, सत्र त्याआधी संपलं तर तेव्हाच, कारण त्यात जंतू वाढले तर बाळ दगावू शकतं. बीसीजीचंही (क्षयरोगावरची लस) तेच. पेंटा मात्र उघडल्यावर 28 दिवस चालते, अर्थात थंडी नीट राखली असेल आणि व्हीव्हीएम (व्हायलवरची, लसीला उष्णता लागली का ते दाखवणारी खूण) ठीक असेल तर, म्हणजे आतला चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका हवा. त्या एका बाळासाठी आम्ही नवीन व्हायल फोडली आणि नियमही तोच आहे, एक जरी बाळ आलं तरी फोडायची, परत पाठवायचं नाही.

परत पाठवण्यावरून आठवलं, कारण याचा मला फार त्रास होतो. दीड महिन्याचे डोस झालेलं एक बाळ आई माहेरी राहिल्याने थेट 5 महिन्यांचं होऊन आलं, आणि दुसरीकडे कुणीतरी तिला सांगितलेलं की खंड पडला, आता परत पहिल्यापासून. असं काही नसतं! जिथे थांबलं तिथून पुढे, पेंटाच्या दोन डोसमध्ये किमान 4 आठवडे हवेत, जास्त कितीही झाले तरी आधीचा डोस फुकट जात नाही. हे परीक्षेत एका मार्काला येतं पण ती बाई त्या एका वाक्यामुळे यायचीच बंद झाली असती.

पोस्टिंगला असाल तेव्हा सकाळी लसी न्यायचा कॅरिअर भरताना तिथे उभ्या राहा. आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच आत घालत नाहीत, बाहेर ठेवतात, कानाजवळ धरून हलवला की आत पाणी खळखळलं पाहिजे, मगच घालायचा. नाहीतर पेंटा गोठते आणि गोठलेली पेंटा वितळवून वापरता येत नाही. एकदा स्वतःच्या कानाने ऐकलंत की व्हायवात कुणी विचारलं तरी अडणार नाही.

आणि आया सगळ्यात जास्त विचारतात ते बीसीजीचं, सिस्टर दंडावर फोड आलाय, पू येतोय, काय लावू. काहीच लावायचं नाही म्हणून सांगा, हळद नाही, तेल नाही, शेक नाही. दोन-तीन आठवड्यांनी फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि वण राहतो, ते व्हायलाच हवं. पण काखेत मोठी गाठ आली असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवायला लावा.