सुपरकार नवी घ्यावी की वापरलेली? घसाऱ्याचा हिशेब कसा मांडावा?

आपण विचारले आहे की, सुपरकार साधारण तीन वर्षे चालवून विकायची असेल, तर ती नवी घेणे शहाणपणाचे ठरेल की चार-पाच वर्षे वापरलेली, आणि “चांगली सुपरकार म्हणजे गुंतवणूकच” हे विक्रेत्यांचे म्हणणे कितपत खरे मानावे. वापरलेल्या महागड्या गाड्यांचे मूल्यांकन हे माझे काम असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे वारंवार येतो. माझे उत्तर असे की, आपल्यासारख्या खरेदीदाराने वापरलेली गाडी घ्यावी. मात्र तिच्या देखभालीसाठी पैसे बाजूला काढताना तिची आजची किंमत न पाहता ती नवी असतानाची किंमत पाहावी. गाडीची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि कारागिरांच्या मजुरीची उतरत नाही. वापरलेल्या सुपरकारच्या व्यवहारात जे लोक फसतात, त्यांतले बहुतेक या एकाच ठिकाणी फसतात.

घसाऱ्याबद्दल, म्हणजे काळाबरोबर गाडीची किंमत उतरण्याबद्दल, बोलताना “सुपरकार” असा एकच गट धरणे चुकीचे आहे. कंपनी जितक्या ऑर्डर येतील तितक्या गाड्या बनवते तो एक प्रकार, आणि संख्या आधीच ठरवून मोजक्या गिऱ्हाइकांना दिल्या जाणाऱ्या गाड्या हा दुसरा. लॅम्बोर्गिनीने २००३ ते २०१३ या काळात गॅलार्डोच्या १४,०२२ गाड्या बनवल्या. मॅक्लारेन एफ१ रेसिंगच्या गाड्यांसह अवघ्या १०६ बनल्या. पहिल्या प्रकारातली गाडी इतर कोणत्याही गाडीप्रमाणे पहिल्या तीन-चार वर्षांत वेगाने आणि नंतर हळूहळू उतरते. दुसऱ्या प्रकारातली कधी चढते, कधी उतरते, आणि तिचा भाव गाडीच्या वयापेक्षा संग्राहकांच्या मर्जीवर अधिक चालतो. नव्याने बाजारात येणाऱ्या माणसाला हा दुसरा प्रकार शोरूममधून सहसा मिळतही नाही, कारण अशा गाड्या कंपन्या जुन्या, अनेक गाड्या घेतलेल्या ग्राहकांसाठी राखून ठेवतात. म्हणून आपला प्रश्न मुख्यतः पहिल्या प्रकाराशी संबंधित आहे, असे मी धरतो.

या प्रकारातल्या गाडीची किंमत किती घसरेल हे तिच्या वेगावर किंवा अश्वशक्तीवर ठरत नाही. तिच्यानंतर काय आले यावर बरेच ठरते. मॅक्लारेनची एमपी४-१२सी २०११ मध्ये रस्त्यावर आली. यंत्र म्हणून ती उत्कृष्ट होती. परंतु २०१४ मध्ये ६५०एस, २०१५ मध्ये ५७०एस आणि ६७५एलटी, २०१७ मध्ये ७२०एस अशी नवी मॉडेल्स एकामागोमाग येत गेली आणि प्रत्येक नव्या घोषणेबरोबर जुनी गाडी आणखी जुनी दिसू लागली. काही वर्षांतच १२सी मूळ किमतीच्या अर्ध्याहूनही कमी किमतीत मिळू लागली. पहिल्या मालकांचे त्यात मोठे नुकसान झाले. पण त्याच गाडीचा दुसरा किंवा तिसरा मालक, वॉरंटी चालू असलेली गाडी निवडली असेल तर, फार थोडे गमावून बाहेर पडू शकला.

फेरारी ४५८ इटालियाचे नेमके उलट झाले. २००९ मध्ये आलेल्या या गाडीची जागा २०१५ मध्ये ४८८ जीटीबीने घेतली, आणि ४८८ मध्ये टर्बोचार्जर, म्हणजे इंजिनात दाबून जादा हवा भरणारे यंत्र, आले. त्यामुळे ४५८ ही टर्बोशिवायचे व्ही८ (आठ सिलिंडरचे) इंजिन मध्यभागी असलेली फेरारीची शेवटची मालिका ठरली. नवी गाडी अधिक वेगवान असूनही जुन्या गाडीला स्वतःचे गिऱ्हाईक मिळाले, आणि तिच्या स्पेशाले आवृत्तीला तर संग्राहकांनी उचलूनच धरले. मॅन्युअल गिअरबॉक्सचेही तसेच झाले. फेरारीचीच ५९९ जीटीबी नवी असताना मॅन्युअल गिअरबॉक्स फारच थोड्यांनी मागितला, सुमारे तीस जणांनी. आज त्या मोजक्या गाड्यांना साध्या ५९९ च्या तुलनेत कित्येक पट किंमत येते. कंपनीने जी गोष्ट बनवणे थांबवले आणि जी पुन्हा येण्याची शक्यता नाही, तिला भाव टिकतो. जी गोष्ट पुढच्या मॉडेलमध्ये अधिक चांगली होऊन येणार आहे, तिचा टिकत नाही.

आता आकड्यांकडे वळू. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक मॉडेलचे वेगळे असतील. गाडीची मूळ किंमत १०० धरा आणि त्यावर आपण १५ चे ऑप्शन घेतले असे माना. कार्बन फायबरची सजावट, खास रंग, शिवणकाम यांवर खर्च केलेल्या रकमेचा अगदी लहान भाग पुनर्विक्रीत परत येतो. समोरची बाजू उचलणारी लिफ्ट किंवा चांगल्या बैठका यांमुळे गाडी लवकर विकली जाते, पण त्यांचीही पूर्ण किंमत वसूल होत नाही. ११५ ची ही गाडी तीन वर्षांनी डीलरने ७० ला घेतली, तर ४५ गेले. त्यात ११५ इतकी रक्कम तीन वर्षे अडकून राहिली. आठ टक्के चक्रवाढीने तिचे व्याज सुमारे ३० होते. वॉरंटीमुळे किरकोळ खर्च २ धरला, तर एकूण ७७. विमा आणि इंधन दोन्ही बाजूंना सारखेच मानून मी हिशेबाबाहेर ठेवले आहेत.

तीच गाडी डीलरने आपला नफा आणि तयारीचा खर्च धरून ७८ ला विकली, ती आपण घेतली आणि तीन वर्षांनी ६० ला डीलरलाच दिली. घसारा १८. अडकलेल्या रकमेचे व्याज सुमारे २०. वाढीव वॉरंटी, टायर, सर्व्हिस आणि एखादी मोठी दुरुस्ती मिळून १२ धरा. एकूण ५०. फरक मोठाच आहे, पण लोक समजतात तितका नाही. केवळ घसारा पाहिला तर १८ विरुद्ध ४५ असे चित्र दिसते आणि माणूस भुलतो. शिवाय डीलरच्या खरेदी-विक्रीतील ८ ची तफावत आपल्यालाही सोसावी लागते. जो माणूस दर वर्षी गाडी बदलतो त्याचे सगळे पैसे या तफावतीतच जातात, मग त्याने गाडी नवी घेवो किंवा जुनी.

तो १२ चा आकडा हा या सगळ्या हिशेबातला सर्वांत नाजूक भाग आहे. १९९० च्या दशकातल्या फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या झडपांची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) बदलण्यासाठी अख्खे इंजिन गाडीबाहेर काढावे लागते, आणि गाडी चालो वा न चालो, हे काम दर तीन ते पाच वर्षांनी करणे भाग असते. पुढच्या ३६० मोडेनामध्ये ते काम बैठकांच्या मागच्या झाकणातून होऊ लागले, आणि २००४ मध्ये आलेल्या एफ४३० मध्ये बेल्टऐवजी चेनच आली. एकाच कंपनीच्या, एकामागून एक आलेल्या तीन गाड्या. तरीही देखभालीच्या दृष्टीने त्यांच्यात केवढा फरक आहे. आधुनिक गाड्यांत हा प्रश्न बराच सुटला असला, तरी कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्क, चुंबकीय शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ड्युअल क्लच गिअरबॉक्स हे नवे खर्च आले आहेत. चारही सिरॅमिक डिस्क बदलण्याची वेळ आली, तर त्या पैशात एखादी साधी गाडी येईल.

म्हणूनच वॉरंटीला मी भावातील घासाघिशीपेक्षा अधिक महत्त्व देतो. फेरारी २०११ पासून नव्या गाडीबरोबर सात वर्षांची नियमित देखभाल देते आणि ती पुढच्या मालकाकडेही जाते. तिच्या वॉरंटीचा विस्तार, मुख्य यांत्रिक भागांपुरता, गाडीच्या पंधराव्या वर्षापर्यंत घेता येतो. चार वर्षांची फेरारी घेणाऱ्याला त्यामुळे तीन वर्षांची सर्व्हिस हाती येते. पण वॉरंटी चालू राहण्यासाठी ठरावीक वेळी, अधिकृत ठिकाणी सर्व्हिस झालेली असावी लागते. एक वर्षाची नोंद गहाळ असलेली गाडी दहा टक्के स्वस्त मिळाली तरी तो सौदा स्वस्त नसतो, कारण विकताना पुढचा खरेदीदार तीच नोंद आपल्याकडे मागणार असतो.

खरेदीपूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी, हा सल्ला सर्वच देतात; तीत नेमके काय पाहावे हे थोडे सांगतो. मॅन्युअल पोर्शेच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात), अलीकडच्या पिढ्यांत, इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरले याची सहा टप्प्यांत नोंद असते. वरच्या टप्प्यांत आकडे दिसले तर कोणी तरी वेगात असताना चुकून खालचा गिअर टाकला होता असे समजावे. गॅलार्डोच्या ई-गिअर (क्लचचे पेडल नसलेला, यंत्राने क्लच चालवणारा गिअरबॉक्स) गाड्यांत क्लच किती झिजला आहे हे संगणकावर वाचता येते, आणि विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनापेक्षा तो आकडा अधिक उपयोगाचा असतो. मॅक्लारेनची बैठकीभोवतीची चौकट संपूर्ण कार्बन फायबरची असते. तिला तडा गेला असेल तर वरून केलेला रंग कितीही सुबक असला तरी त्या गाडीपासून दूरच राहावे. टायरची नक्षी शिल्लक असली तरी त्यांच्या बाजूवरची निर्मितीची तारीख वाचावी.

हे टायरचे प्रकरण मला फार अंतर न चाललेल्या गाड्यांकडे घेऊन येते. खरेदीदारांना ओडोमीटरवरचा छोटा आकडा हवा असतो आणि त्यासाठी ते बरीच जादा रक्कम मोजतात. माझ्या मते, गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याने हे टाळावे. वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीतील रबरी सील सुकतात, बॅटरी बसते, इंधनाच्या नळ्या खराब होतात. शिवाय कमी अंतरासाठी दिलेली जादा रक्कम आपण गाडी चालवली की किलोमीटरगणिक नाहीशी होते. नियमित चाललेली, मध्यम अंतराची, पूर्ण नोंदी असलेली गाडी घ्यावी. त्या आकड्यात आपण आणखी काही हजारांची भर घातली, तरी तिच्या भावात विशेष फरक पडत नाही.

गुंतवणुकीच्या दाव्याबद्दल लोक नेहमी मॅक्लारेन एफ१ चे उदाहरण देतात: १९९० च्या दशकात सुमारे ५,४०,००० पौंडांना विकली गेलेली गाडी, आणि २०२१ मध्ये अमेरिकेतील पेबल बीचच्या लिलावात तिच्यातल्या एकीला आलेले दोन कोटी डॉलरहून अधिक. जग्वार एक्सजे२२० चे उदाहरण मात्र कोणी देत नाही. १९८८ मध्ये तिचे प्रदर्शन झाले आणि पुढे लोकांनी प्रत्येकी ५०,००० पौंड अनामत भरली. गाडी प्रत्यक्षात आली तोवर मंदी आली होती, किंमत वाढून ४,७०,००० पौंडांच्या घरात गेली होती, आणि आश्वासन दिलेल्या व्ही१२ इंजिनाच्या जागी व्ही६ होते. अनेकांनी गाडी घेण्यास नकार दिला, प्रकरण न्यायालयात गेले, आणि ३५० गाड्यांचे नियोजन असताना तीनशेसुद्धा बनल्या नाहीत. पोर्शे कॅरेरा जीटी अमेरिकेत ४,४०,००० डॉलरला विकली जात होती. २०१० च्या आसपास ती त्याहून कमी किमतीत मिळे, आणि आज दहा लाख डॉलरच्या पुढे आहे. मधली वर्षे कळ काढून गाडी सांभाळणारे थोडेच होते, आणि आपण तर तीन वर्षांत विकण्याचे म्हणत आहात.

लवकर नफा काढणाऱ्यांचे काय होते हे २०१६ च्या पोर्शे ९११ आर ने दाखवून दिले. ९९१ गाड्या, मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि काही महिन्यांतच मूळ किमतीच्या कित्येक पट भाव. पुढच्याच वर्षी पोर्शेने साध्या ९११ जीटी३ मध्येही मॅन्युअल गिअरबॉक्स उपलब्ध करून दिला, आणि चढ्या भावाने ९११ आर घेणाऱ्यांच्या हातात उतरती किंमत राहिली. फोर्डने तर आपल्या नव्या जीटी या सुपरकारच्या खरेदीदारांकडून दोन वर्षे गाडी न विकण्याचा करारच करून घेतला आणि तो मोडल्याबद्दल २०१७ मध्ये जॉन सीना या प्रसिद्ध कुस्तीपटूवर दावाही लावला. दावा पुढे तडजोडीने मिटला, पण नव्या मर्यादित गाडीतला नफा कंपनीला डोळ्यांत खुपतो हे सर्वांना कळले.

हायब्रिड सुपरकारबद्दल मी सध्या अधिक सावध आहे. फेरारी एसएफ९० स्ट्राडाले १,००० अश्वशक्तीची असूनही २०२३-२४ मध्ये वापरलेल्या बाजारात मूळ किमतीच्या बरीच खाली आली. दहा वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च कोण करणार, ही शंका तिच्या भावात आधीच मोजली गेली आहे असे मला वाटते. अशी गाडी घ्यायची असेल तर ती वापरलेलीच घ्यावी, आणि बॅटरीची वॉरंटी आपण विकाल त्या दिवसानंतरही किमान एक-दोन वर्षे शिल्लक राहील अशी निवडावी.

नवी गाडी घेण्याला माझ्या मते एकच सबळ कारण उरते. पुढे मर्यादित मॉडेल मिळावे म्हणून कंपनीकडे आपली खरेदीची नोंद तयार करायची असेल, तर पहिल्या गाडीवरचा घसारा हे त्या रांगेत उभे राहण्याचे शुल्क समजावे. आणि त्या बाबतीतही, रांग खरोखर पुढे सरकते का, हे डीलरकडून लेखी नाही तरी स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे. आपली इच्छा केवळ तीन वर्षे गाडी चालवण्याची असल्यामुळे, मी आपल्या जागी असतो तर पुढचे मॉडेल जाहीर होऊन वर्षभर झालेली, चार वर्षांची, टर्बो किंवा हायब्रिड बॅटरी नसलेली गाडी शोधली असती, आणि ठरवलेल्या रकमेतील सुमारे पंधरा टक्के खरेदीत न घालता पहिल्या दिवसापासून देखभालीसाठी वेगळी ठेवली असती.