वाचकांचे प्रश्न: स्वस्तातला इन्फ्रारेड लेझर घ्यावा का?

प्रश्न: मी एअरसॉफ्ट (प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या खेळण्यातल्या बंदुकांचा खेळ) खेळतो आणि रेंजवर एअर रायफलनं टार्गेट शूटिंगही करतो. आता नाइट व्हिजन घेतलंय. ते डोळ्यावर असलं की साइटमधून नेम धरणं अवघड जातं, म्हणून आयआर (इन्फ्रारेड) लेझर लावायचाय. ओरिजिनल परवडत नाही, पण पीईक्यू-१५सारखी (अमेरिकन सैन्य बंदुकीवर लावतं तो लेझर) दिसणारी रेप्लिका फारच स्वस्तात मिळते. चालेल का? आणि घेतली तर तपासायची कशी?

उत्तर: ठिपका दिसेल, त्यात काही शंका नाही. पण ठिपका दिसला म्हणजे लेझर चांगला असं बहुतेक जण धरून चालतात आणि गडबड तिथेच होते, कारण खरं बघायचं असतं ते पॉवर किती आहे आणि झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळी लागण्याची जागा यांची जुळणी, टिकतो का, आणि ह्या दोन्ही गोष्टी नुसतं चालू करून कळत नाहीत.

आधी पॉवर, कारण इथे डोळ्यांचा प्रश्न आहे. आयआर लेझर साधारण ८०८ ते ९८० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही, पण डोळ्याची लेन्स तो दिसणाऱ्या प्रकाशासारखाच पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, बारीक बिंदूत गोळा करते. लाल किंवा हिरवा लेझर डोळ्यात गेला तर पाव सेकंदात पापणी मिटते, इथे काही दिसतच नाही तर मिटणार कशाला? रेटिनाला वेदना कळत नाही, त्यामुळे लागलं तरी त्या क्षणी समजत नाही. त्यात अंधारात बाहुली जवळपास ७ मिलिमीटरपर्यंत उघडलेली असते, म्हणजे आत जायला रस्ता मोकळाच. कुणी म्हणालं की समोर बघताना आत अंधुक लाल चमक दिसते तर ते किरकोळ समजू नका, ह्या तरंगलांबीला डोळा इतका मंद असतो की एवढं दिसायलासुद्धा बरीच पॉवर लागते.

नामांकित कंपन्यांच्या नागरिकांसाठीच्या मॉडेलमध्ये आयआर लेझर क्लास १ चा, म्हणजे डोळ्यांसाठी सगळ्यात सुरक्षित गटातला असतो, साधारण ०.७ मिलिवॅट. रेप्लिकेवर मात्र "५ मिलिवॅटपेक्षा कमी" असं स्टिकर असतं आणि त्या स्टिकरवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. अमेरिकेतल्या एनआयएसटी ह्या संस्थेनं १२२ लेझर पॉइंटर मोजले होते, त्याचे निकाल २०१३ मध्ये आले, हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के आणि लालपैकी सुमारे ४४ टक्के नियमात बसले नाहीत. हे दिसणारे पॉइंटर होते, न दिसणाऱ्याचं स्टिकर तर ग्राहक नजरेनं पडताळूच शकत नाही. आणखी एक, रेप्लिकेत हिरवा लेझर असेल आणि तो ५३२ नॅनोमीटरचा असेल तर तो आतल्या ८०८च्या डायोडपासून तयार होतो, आयआर फिल्टर वगळला असेल तर हिरव्यासोबत न दिसणारा प्रकाशही बाहेर येतो.

म्हणून पहिली तपासणी लेझर पॉवर मीटरवर, तरंगलांबी बरोबर सेट करून. मीटर नसेल तर कॉलेजची फिजिक्स लॅब किंवा लेझरवर काम करणारं कुणीतरी गाठा. मोजून होईपर्यंत त्या तरंगलांबीसाठीचा लेझर चष्मा घाला, गॉगल अजिबात चालत नाही. क्लास १ च्या वर निघाला तर एअरसॉफ्टच्या मैदानात न्यायचाच नाही, हे माझं ठाम मत आहे. तिथे समोर माणसं असतात. मेश मास्कमधून, म्हणजे जाळीच्या मास्कमधून, किरण सरळ आत जातो, आणि साधी पारदर्शक पॉलिकार्बोनेट काचही तो अडवत नाही.

आता झिरो. स्वस्त रेप्लिका उघडली की आत बहुधा पितळेचं छोटं नळकांडं दिसतं, त्यात डायोड, एका बाजूनं स्प्रिंग आणि दुसऱ्या बाजूनं ॲडजस्टमेंटचे दोन स्क्रू, कधी मध्ये गोंदाचा थेंब, आणि बाहेर प्लॅस्टिकचं खोकं. स्क्रू फिरवला की ठिपका आधी हलत नाही, मग एकदम उडी मारतो. स्प्रिंगवाली एअर रायफल तर आधी मागे आणि लगेच पुढे असा दुहेरी धक्का देते, चांगल्या स्कोपचीही त्यात वाट लागते. तेव्हा गोळी न भरता, शिकंज्यात पक्कं धरून, मागे कुणी नसलेल्या मॅट भिंतीवर नाइट व्हिजनमधून ठिपक्याच्या जागी पेन्सिलनं खूण करा. बंद-चालू करा, बोटानं टकटक करा, रेलवरून (रायफलवरची लेझर बसवायची पट्टी) काढून पुन्हा लावा, तासभर गार जागी ठेवून परत बघा. १ मिलिरेडियन (कोनाचं छोटं माप) सरकला तर १०० मीटरवर १० सेंटिमीटर, एअरसॉफ्टला हे चालून जाईल, टार्गेट शूटिंगला नाही. दिसणारा लेझर लावून झिरो करायचा आणि आयआर आपोआप जुळेल असं रेप्लिकेत समजू नका, दोन्ही डायोड वेगळे बसवलेले असू शकतात, दोन्ही खुणा वेगवेगळ्या घ्या.

स्विचही बघा. आयआर चालू राहिला तर कुणालाच कळत नाही, म्हणून नकळत दाबला जाणारा प्रेशर स्विच मला तरी नको. खेळ थांबला की बॅटरी काढून ठेवा.

एअरसॉफ्टपुरतं बोलायचं तर आयआर लेझर सोडा, एलईडीचा आयआर टॉर्च आणि चांगला रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) उंच माउंटवर लावा. माउंट पुरेसा उंच असला की नाइट व्हिजन लावूनसुद्धा आरपार बघता येतं.

प्रश्न: माझं डिजिटल नाइट व्हिजन आहे. ९४० नॅनोमीटरचा घेऊ का?

उत्तर: डिजिटल सेन्सरला ९४० दिसतं, मात्र ८५०पेक्षा फिकं. पुढे कधी ट्यूबवालं जेन ३ (तिसऱ्या पिढीचं, सेन्सरऐवजी प्रकाश वाढवणारी ट्यूब असलेलं नाइट व्हिजन) घ्यायचा विचार असेल तर ८५०च बरा, कारण ९००च्या पुढे त्या ट्यूबची संवेदनक्षमता एकदम घसरते. आणि दोन्हींपैकी कुठलंही असलं तरी लेझर सरळ लेन्समध्ये मारू नका, ट्यूबमध्ये कायमचा डाग बसतो, सेन्सरचे पिक्सेल जळतात.

प्रश्न: मोबाईलच्या कॅमेऱ्यात ठिपका अगदी फिका दिसला. म्हणजे पॉवर कमीच ना?

उत्तर: नाही. बहुतेक मोबाईलच्या मागच्या कॅमेऱ्यात आयआर अडवणारा फिल्टर असतो, त्यातून थोडंसंच पार होतं. मोबाईलवर फक्त लेझर चालू आहे की बंद एवढंच बघा, तेही ठिपका भिंतीवर पाडून, कॅमेरा लेझरसमोर धरून नाही.