दख्खनच्या कातळात निकेल का नाही?

प्रश्न : सैबेरियात नोरिल्स्कला लाव्हाच्या पठाराखाली निकेल-तांब्याचे प्रचंड साठे आहेत. दख्खनचं पठारही लाव्हाचंच, मग इथे का नाहीत? (संगमनेर)

उत्तर : फरक शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, कमी आणि त्याला वाटेत लागलेल्या खडकांत जास्त आहे. बेसॉल्टी शिलारसात निकेल असतंच, पण विखुरलेलं. ते गोळा करतं गंधक. शिलारसात साधारण 0.1 टक्का गंधक विरघळतं. त्याहून जास्त झालं की सल्फाइडचे, म्हणजे धातू आणि गंधकाच्या संयुगाचे, जड थेंब सुटे होतात. निकेल या थेंबांत कित्येकशे पट एकवटतं, प्लॅटिनम-पॅलेडियम तर हजारो पट. वाट रुंदावून प्रवाह मंदावला की थेंब तळाशी साचतात.

नोरिल्स्कचा शिलारस सुमारे 25 कोटी वर्षांपूर्वी अ‍ॅनहायड्राइटच्या, म्हणजे कॅल्शियम सल्फेटच्या, आणि दगडी कोळशाच्या थरांतून वर आला. तिथल्या धातुकात, म्हणजे धातू काढण्याजोग्या खडकात, गंधक-34चं (गंधकाच्या जड प्रकाराचं) प्रमाण प्रावरणातल्या, म्हणजे कवचाखालच्या थरातल्या, गंधकापेक्षा हजारी 8 ते 12ने जास्त भरतं. बाहेरून गंधक मिळाल्याशिवाय हे होत नाही. वर सांडलेल्या, नादेझ्दिन्स्की नावाच्या तिथल्या लाव्हाथरांत निकेल-तांबं खूपच घटलेलं आहे, कारण ते सल्फाइडने आधीच ओढून घेतलं.

आता आपल्या दख्खनच्या लाव्हातले, लोणावळा उपगट नावाच्या थरसमूहातले बुशे थर पाहा. त्या शिलारसानेही कवचातला खडक भरपूर पचवला, पण तो ग्रॅनाइटच्या जातीचा, गंधकाच्या बाबतीत दरिद्री. म्हणून त्या लाव्हात तशी घट दिसत नाही. नुसता कवचातला खडक मिसळून भागत नाही, त्यात गंधक हवं. तेव्हा घाटातले सपाट थर शोधत बसू नये. कोळसा किंवा सल्फेटच्या थरांत घुसून थिजलेले खडक मात्र जरूर तपासावेत.

प्रश्न : विहिरीच्या काळ्या दगडात पितळी कण दिसतात. निकेल असेल का? (साक्री)

उत्तर : बहुधा पायराइट, म्हणजे लोखंडाचं सल्फाइड, असेल. कणावर चाकूचं टोक ओढा. पायराइटवर ओरखडा उठत नाही, चाल्कोपायराइट (तांबं-लोखंडाचं सल्फाइड) आणि पायरोटाइट (लोखंडाचंच दुसरं सल्फाइड) यांवर उठतो. चाल्कोपायराइट गडद पिवळं, पायरोटाइट कांस्यरंगी आणि बरेचदा चुंबकाला चिकटणारं. निकेलचं खनिज पेंटलँडाइट सहसा पायरोटाइटच्याच सोबतीने असतं. चुंबक अख्ख्या दगडाला लावू नका, बेसॉल्टमधल्या मॅग्नेटाइट या चुंबकीय खनिजामुळे हमखास फसगत होते. दगड कुटून कण वेगळा काढा आणि मगच लावा.

प्रयोगशाळेत निकेल, तांबं आणि गंधक, तिन्ही एकत्र तपासून घ्या. चार आम्लांत विरघळवलेल्या नमुन्यात ऑलिव्हिन या बेसॉल्टमधल्या सिलिकेट खनिजातलं निकेलही मोजलं जातं. गंधक नगण्य आलं तर निकेल बहुतेक सिलिकेटमध्ये अडकलेलं आहे, आणि धातुक फेसावर तरंगवून काढण्याच्या नेहमीच्या पद्धतीने ते हाती लागत नाही.