निदान म्हणजे तोडगा नव्हे, दावं

खानापूरच्या एका वाचक ताई विचारतात: भाच्याला ऑटिझम आहे असं बेळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं. आज्जीचं म्हणणं, "बोलंल की उशिरानं, निदान करून काय गावलं?" शेजारच्या कन्नड काकूंनी ते 'निधान' असं ऐकलं आणि पोरगं मंद आहे असा अर्थ काढला. हे दोन शब्द एकच का? आणि निदानाचा खरंच उपयोग काय?

एकच नाहीत. कन्नड 'निधान' म्हणजे सावकाश. रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'निधानवे प्रधान' असतं ना, तेच. काकूंचा कान चुकला, विषय संपला.

मला खटकतं ते वेगळंच. "यावर निदान काय?", "गावच्या पाण्याच्या प्रश्नाचं निदान करा." निदान म्हणजे तोडगा हे कुणी ठरवलं? भाषणांत रोज ऐकतो आणि रोज चिडतो. 'निदान दोन घास तरी खा' मधलं निदान सगळ्यांना ठाऊक आहे, ते सोडू.

खरी गंमत मुळात आहे. निदान म्हणजे दोरी! ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात इंद्र गाईंचं 'निदान' मोकळं करतो, म्हणजे त्यांचं बंधन सोडतो. काही पंडित इथे 'दा' म्हणजे देणे असं सांगतात आणि मग 'देण्या'तून 'कारण' कसं निघालं याच्या कोलांट्या मारत बसतात. अहो, 'दा' धातू बांधण्याचाही आहे! त्याच धातूचं 'दामन्', आणि त्यावरून आपलं दावं. नंदगडच्या गोठ्यात खुंटाला वासरू बांधलंय, गळ्यातलं दावं ताणून ते गाईकडे ओढ घेतंय. त्या दाव्याचा सख्खा भाऊ डॉक्टरांच्या कागदावर बसलाय. दावं हातात धरून मागं मागं गेलात की खुंट सापडतो. दोरीचा अर्थ 'मूळ कारण' असा झाला तो याच वाटेनं, असं माझं मत. कुणाला पटो न पटो. बौद्धांची बारा निदानं, म्हणजे दुःखाच्या कारणांची साखळी, बघा, एकाला दुसरं बांधलेलं.

आयुर्वेदानं तर हिशेब चोख ठेवलाय. निदानपंचकात, म्हणजे रोग ओळखायच्या पाच अंगांत, निदान म्हणजे हेतू, कारण. दिसणाऱ्या लक्षणांना 'रूप' हा वेगळा शब्द. त्या मापानं ऑटिझमचं आजचं 'निदान' हे रूपच आहे. रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा फोटो काढून ठरत नाही. मूल हाकेला वळतं का, बोटानं दाखवतं का, एकच खेळ पुन्हापुन्हा खेळतं का, हे बघून आणि आईबापाला विचारून ठरवतात. खुंट बहुतेकांच्या बाबतीत अजून हाती लागलेला नाही. म्हणजे आज्जी अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण उशिरा बोलणारं प्रत्येक मूल आपोआप सावरत नाही, तेव्हा वाट बघत बसू नका. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. दाखला असला की शाळेत आणि परीक्षेत सवलत मागता येते. ते गावलं म्हणा.

'उपचार' शब्दाचीही अशीच माती केलीय. उप आणि चर्, जवळ राहून सेवा करणे. षोडशोपचार पूजेत देवाला कोण बरं करतं? बोलायला, आपलं आपण जेवायला, कपडे घालायला शिकवणं हा उपचारच. सहा महिन्यांत पोर 'नॉर्मल' करून देतो म्हणणाऱ्याला मात्र उपचार शब्द वापरू देऊ नका; ऑटिझम मुळापासून घालवणारं औषध नाही.

राहिलं तुमच्या चिठ्ठीच्या कोपऱ्यातलं, ऑटिझम असलेल्याला मराठीत 'स्वमग्न' म्हणायचं की 'आत्ममग्न'? स्वमग्न लिहा. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरनं १९४३ मध्ये मुलांसाठी वापरलेल्या शब्दात ग्रीक 'आउतोस' आहे, म्हणजे स्वतः. कन्नडवालेही 'स्वलीनते' म्हणतात. आत्ममग्न पुढाऱ्यांसाठी राखून ठेवलाय.