ईमेल तुसडा वाटतो, बोलणे विसरले जाते

प्रश्न : मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. लेखा विभागातील एका सहकाऱ्यांशी माझा रोजचा संबंध येतो. काही ईमेलने कळवले, तर त्यांना ते तुसडे वाटते. समोर जाऊन बोलले, तर पुढे ‘असे ठरलेच नव्हते’ असे ऐकावे लागते. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या अडचणी दोन आहेत, एक सुराची आणि दुसरी नोंदीची, त्या एकाच माध्यमाने सुटणार नाहीत.

ईमेल लिहिताना आपला सूर आपल्या मनात स्पष्ट असतो, वाचणाऱ्यापर्यंत मात्र केवळ अक्षरे पोहोचतात. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, आपले वाक्य गंभीर आहे की उपरोधिक हे समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, अशी पाठवणाऱ्यांची अपेक्षा होती. आवाज ऐकणाऱ्यांनी ते ७३ टक्के वेळा ओळखले. ईमेल वाचणाऱ्यांनी अवघे ५६ टक्के, म्हणजे नाणेफेकीपेक्षा थोडेच बरे. येथे चेहरा दिसत नव्हता, फक्त आवाज होता. त्यामुळे प्रत्येक वेळी उठून जाण्याची गरज नाही, फोनही पुरतो. (‘९३ टक्के संवाद शब्दांविना होतो’ हे प्रशिक्षण वर्गांतील लाडके वाक्य मात्र सोडून द्यावे, ज्यांच्यावरून ते घेतले गेले, ते मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे मूळ प्रयोग केवळ भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरते होते.)

तेव्हा नकार, चूक दाखवणे किंवा मतभेद असेल, तर आधी बोलावे. दर, मुदत, मंजुरी या गोष्टी लिहूनच द्याव्यात. बोलणे झाले की त्याच दिवशी ‘आज ठरल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून दोन-तीन ओळींचा ईमेल पाठवावा आणि काही राहिले असल्यास कळवण्याची विनंती करावी. त्यात नवा मुद्दा काढू नये. अशा ईमेलची प्रत वरिष्ठांना लगेच पाठवण्याचा मोहही टाळावा, कारण सीसीमध्ये साहेबांचे नाव दिसताच साधी नोंदसुद्धा तक्रारीसारखी वाचली जाते. माझ्या मते तुसडेपणाचा संशय शब्दांइतकाच तेथून येतो. तुमचे जुने ईमेल त्या दृष्टीने एकदा पाहावेत.

अपवाद एकच. नियमबाह्य काम करण्यासाठी कोणी तोंडी दबाव आणत असेल, तर तेथे सुराची काळजी न करता पहिल्यापासून लेखीच उत्तर द्यावे.