नाशिकच्या कपाटातले ट्रायलोबाईट

गंगापूर धरणाजवळ काळ्या दगडात पांढरा, लांबट, किड्यासारखा आकार मिळाला. ट्रायलोबाईट असेल का? – गंगापूर रोड

नाही. ट्रायलोबाईट म्हणजे समुद्रातले कवचाचे प्राणी, आज फक्त जीवाश्म म्हणून उरलेले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी ते दिसू लागले आणि २५ कोटी वर्षांपूर्वी संपले. आपल्या पायाखालचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, आणि तोही लाव्हा थिजून झालेला. त्यात अडकलेल्या वायूच्या पोकळ्या पुढे झिओलाईट, कॅल्साईट किंवा गारगोटी अशा खनिजांनी भरल्या. तुमचा ‘किडा’ त्यातलाच. टाकून मात्र देऊ नका. सिन्नरचं गारगोटी संग्रहालय अशाच पोकळ्यांतल्या स्फटिकांसाठी ओळखलं जातं. भारतातले ट्रायलोबाईट हिमालयात मिळतात, स्पिती आणि काश्मीरच्या खडकांत.

मुलाने मोरोक्कोचा ‘फॅकॉप्स’ ट्रायलोबाईट मागवून दिला. खरा आहे का, कसं ओळखू? – इंदिरानगर

मोरोक्कोत अल्निफ आणि एरफूदच्या परिसरात जीवाश्म काढून, कोरून विकण्यावर कितीतरी घरं चालतात. कारागीर तयारीचे आहेत, त्यामुळे नक्कलही तयारीची असते. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि आधी डोळे तपासा. फॅकॉप्सच्या डोळ्यातली भिंगं मोठी, सुटी आणि रांगेने बसलेली असतात. ती कॅल्साईटची असल्यामुळे टिकून राहतात. साच्यातल्या नकलेत तिथे गुळगुळीत फुगवटा किंवा एकसारखे ठिपके दिसतात. मग पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रं शोधा. ती बहुधा रेझिनमध्ये, म्हणजे साच्यात ओतलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थात, अडकलेल्या हवेची असतात.

जीवाश्मातून आरपार जाणारी, चिकटवलेली भेग दिसली की लोक हिरमुसतात. मला उलट बरं वाटतं. खडक फोडताना किडा बहुतेक वेळा मधूनच तुटतो, मग दोन्ही तुकडे जोडून वरचा दगड कोरून काढतात. ती भेग बाजूच्या दगडातही पुढे गेलेली दिसली, तर ती चांगली खूण. खात्री होत नसेल तर खालच्या बाजूला, कुठे दिसणार नाही तिथे, तापवलेली सुई टेकवून बघा. प्लॅस्टिक जळाल्याचा वास आला तर समजून जा. फक्त अस्सल नगातही एखादा तुटका काटा रेझिनने भरलेला असतो, म्हणून सुई एकाच जागी टेकवून निकाल देऊ नका.

वडिलांच्या डब्यात चिठ्ठी नसलेले बरेच नग आहेत. जात कशी लावू? – नाशिक रोड

धडाचे खंड मोजा. फॅकॉप्सचे ११, अमेरिकेतल्या यूटाहच्या एल्रेथिया किंगीचे १३, आणि बारीक अॅग्नॉस्टिडचे अवघे २. डोकं, धड, शेपूट हे तीन भाग ट्रायलोबाईटच्या नावातले ‘तीन’ नव्हेत. ते तीन पट्टे लांबीच्या दिशेने असतात, मधला कणा आणि त्याच्या दोन बाजू. नुसतं डोकं किंवा नुसती शेपूट मिळाली तर नवल नाही. हे प्राणी कात टाकत, आणि बरेच जीवाश्म त्या कातीचेच आहेत. डब्यावर, कागदाच्या घडीत कुठे गावाचं नाव लिहिलेलं असेल तर आधी ते जपा. ठिकाण माहीत नसलेल्या जीवाश्माची जात नेमकी लावणं फार अवघड जातं.

चिंच किंवा व्हिनेगरने साफ करू का? तांबं तर लख्ख होतं. – सातपूर

अजिबात नको! कवच कॅल्साईटचं, आणि आम्लात सगळ्यात आधी तेच विरघळतं. बुडबुडे येतात ते मळाचे नव्हेत, कवचाचे. मऊ कोरडा ब्रश बहुतेक वेळा पुरतो. दगड घट्ट असेल तर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा. शेलसारखा पापुद्रे सुटणारा खडक असेल तर पाणीसुद्धा नको. उरलेली माती भिंगाखाली सुईने उचला, सुई कवचाकडे नव्हे, कवचापासून दूर सरकवत. चिकटलेला कठीण दगड काढायला तज्ज्ञ लोक बारीक पूड हवेच्या झोताने मारतात. ते घरी जमण्यासारखं नाही. दगड थोडा राहिला तरी चालेल. वार्निश, तेल, नेलपॉलिश काही लावू नका. तुकडा सुटत असेल तर संग्रहालयं वापरतात तो पॅरालॉइड बी-७२ हा चिकट पदार्थ अॅसिटोनमध्ये विरघळवून लावा, खिडकी उघडी ठेवून.

पावसाळ्यात एका नगावर पिवळट भुकटी येते. – सिडको

जीवाश्मातला पायराईट, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज, दमट हवेत कुजतोय, आणि त्यातून आम्ल सुटतंय. तो नग आजच बाकीच्यांपासून वेगळा करा, धुऊ नका. भुकटी कोरड्या ब्रशने झटका, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा. जून ते सप्टेंबर जेल अधूनमधून तापवून सुकवत राहा. आतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली हवी. छोटा आर्द्रतामापक डब्यातच ठेवला की अंदाज बांधावा लागत नाही. शेजारच्या चिठ्ठ्यांवरही नजर टाका, त्या आम्लाने कागद जळतो.