मुलगी अकरावीत बराच काळ आजारी होती. अमेरिकेतल्या कॉलेजच्या अर्जावर याचा किती परिणाम होईल?

तुम्ही लिहिलंय की आजारपणामुळे मुलीची शाळा बुडाली, दोन विषयांत ग्रेड घसरली आणि येत्या हिवाळ्यात अर्ज करायचे आहेत. माझ्या मुलाचंही अकरावीचं वर्ष असंच गेलं, त्यामुळे तुमची घालमेल मला कळते. खोटा धीर देत नाही, परिणाम होतो. अर्ज करताना बारावी अर्धीच झालेली असते, म्हणून इथली कॉलेजं अकरावी बारकाईने बघतात. पण घसरण कशामुळे झाली हे अर्ज वाचणाऱ्याला कळलं आणि त्यानंतर मूल सावरलेलं दिसलं, तर तो त्या वर्षाकडे वेगळ्या नजरेने बघतो. कारणच कळलं नाही तर मात्र तो मनाने काहीही अंदाज बांधणार.

म्हणून सर्वांत आधी शाळेच्या काउन्सेलरला भेटा. सत्र संपलेलं नसेल तर ग्रेड ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या गुणपत्रकावर, कायमची बसण्याआधी बरंच काही करता येतं: एखादा विषय इन्कम्प्लीट (अपूर्ण) ठेवून उन्हाळ्यात पूर्ण करणं, वैद्यकीय कारणाने तो सोडणं, घरी शिक्षक मिळवणं, ५०४ प्लॅन (आजारी किंवा अपंग मुलांसाठी शाळेने लेखी ठरवलेल्या सवलती) करून घेणं. प्रत्येक शाळेत यातलं सगळं मिळेलच असं नाही, पण मागितल्याशिवाय कुणी आपणहून देत नाही. डॉक्टरांच्या पत्रात कधीपासून कधीपर्यंत आजारी होती आणि तेव्हा तिला काय झेपत नव्हतं, हे स्पष्ट असू द्या.

आजाराची हकिगत शक्यतो काउन्सेलरने अर्जासोबतच्या आपल्या पत्रात सांगावी. तीच गोष्ट शाळेकडून आली की तिला वजन येतं, आणि मुलीवरचं ओझंही हलकं होतं. तिने स्वतः थोडक्यातच लिहावं. कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक कॉलेजांना एकच अर्ज पाठवता येतो त्या संकेतस्थळावर, 'अडचणी आणि परिस्थिती' असा वेगळा प्रश्न आहे, त्याला २५० शब्द मिळतात. तिथे चार-पाच वाक्यं पुरतात. कुठल्या महिन्यांत शाळा बुडाली, कुठले विषय मागे पडले, आता काय चाललंय, बस. कॅलिफोर्निया विद्यापीठाचं, म्हणजे यूसीचं, वेगळं आहे. तिथे शिफारसपत्रं सहसा मागत नाहीत आणि जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, दहावी-अकरावीचाच धरतात, म्हणून तिथली जादा माहितीची चौकट रिकामी सोडू नका.

मुख्य निबंध आजारावर लिहावा का? माझं मत, तिला मनापासून लिहायचं असेल तरच. माझ्या मुलाने आजोबांबरोबरच्या बुद्धिबळावर लिहिला, आणि त्यात तो मला कितीतरी जास्त दिसला. मुलांना सतत 'तो आजारी मुलगा' म्हणून ओळखलं जाण्याचा फार कंटाळा येतो हो. तिला विचारा, तिच्यासाठी तुम्ही ठरवू नका.

आजार सांगितला तर नाकारतील का, ही तुमची भीती रास्त आहे. १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ प्रमाणे, केंद्र सरकारचा पैसा घेणारं कॉलेज प्रवेशाआधी अपंगत्वाबद्दल विचारू शकत नाही. आजाराचं नाव सांगायचीही सक्ती नाही. 'दीर्घ आजारपण' एवढंही चालतं. एसएटी या प्रवेश परीक्षेला जादा वेळ किंवा मधे विश्रांती हवी असेल तर ती परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाची मंजुरी लागते. त्याला सात आठवडे लागू शकतात, तेव्हा लवकर अर्ज करा. अशी सवलत घेतल्याची खूण २००३ पासून निकालावर येत नाही.

बारावीत मात्र झेपतील तेवढेच कठीण विषय घेऊ द्या. भरपाई म्हणून पाच एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे विषय, घेतले आणि तब्येत पुन्हा बिघडली, तर ते शाळेच्या मिड-इयर रिपोर्टमध्ये, म्हणजे वर्षाच्या मध्यावर शाळा पाठवते त्या ग्रेडच्या अहवालात, कॉलेजला दिसणारच. डॉक्टर अजून विश्रांती सांगत असतील तर एक वर्ष थांबूनही अर्ज करता येतो.

प्रवेश मिळाल्यावर एक गोष्ट विसरू नका: शाळेचा ५०४ प्लॅन कॉलेजात आपोआप लागू होत नाही. तिथल्या अपंगत्व सेवा कार्यालयात कागदपत्रं घेऊन तिला स्वतःला जावं लागेल, आणि ते पहिलं सत्र सुरू होण्याआधी केलेलं बरं.